चिमणरावांचे हसू किती ताजे?

डोक्यावर पगडी, अंगात कोट, ओठांवर मिशी आणि चेहऱ्यावर सदैव काहीतरी बिघडणार असल्याची धास्ती, अशा थाटातील एक कारकून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनच्या पडद्यावर अवतरला. त्याच्या मागोमाग दंडुका घेतलेला त्याचा आडदांड भाऊ आला. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी पाहण्यासाठी मुंबई-पुण्यात ज्यांच्या घरी दूरदर्शन संच होता त्यांच्या दिवाणखान्यात आळीतील मंडळी गोळा होत असत. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे या दोन नटांना या मालिकेने घराघरांत नेले. मराठी दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकांची वंशावळ मांडायची झाल्यास मूळ पुरुष म्हणून चिमणरावांचेच नाव घ्यावे लागेल.

वाशीमला मात्र हे चिमणराव दिसले नाहीत. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते आणि मुंबई केंद्राचे चित्र वऱ्हाडापर्यंत पोहोचत नव्हते. येथील वाचकाने चिमणरावांना ओळखले ते पुस्तकांतून आणि शाळेच्या क्रमिक पुस्तकातील एखाद्या धड्यातून. एका अर्थाने ही गैरसोय वऱ्हाडाच्या पथ्यावरच पडली. ज्यांनी मालिका पाहिली, त्यांच्या मनात चिमणराव म्हणजे प्रभावळकर हे समीकरण पक्के झाले. ज्यांनी फक्त वाचले, त्यांच्यासमोर चिमणराव उभे राहिले ते केवळ त्यांच्या निर्मात्याच्या शब्दांतून. जुना विनोद आजही टिकतो का, हा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. चिमणरावांच्या बाबतीत त्याचे उत्तर शोधायचे असेल, तर पडद्याच्या मागे जाऊन चिंतामण विनायक जोशी या माणसाकडे वळावे लागते. मालिका सुरू झाली तेव्हा त्यांच्या निधनाला एक तपाहून अधिक काळ लोटला होता.

चिं. वि. जोशी यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. शिक्षणही पुण्यातच झाले. धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात पाली भाषेचे अध्यापन सुरू केले आणि पुण्यात बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासाची एक परंपरा उभी राहिली. जोशी याच परंपरेतील. पाली हाच त्यांनी आयुष्याचा विषय मानला. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी इंग्रजीतून लिहिलेले पाली व्याकरणाचे पाठ्यपुस्तक १९१६ च्या सुमारास निघाले आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. काही काळ शाळांतून शिक्षकी केल्यानंतर ते बडोद्याच्या महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे त्याच संस्थानात गेली.

बडोदे हे त्या काळी मराठी विद्वानांचे माहेरघर होते. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी ग्रंथालये, शिक्षण आणि प्राच्यविद्या यांसाठी हात सैल सोडला होता. कचेरीत मराठी, बाजारात गुजराती आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा वातावरणात एक पुणेकर पंडित पाली शिकवीत होता. घरी परतल्यावर तो काय लिहीत असेल, याची कल्पना त्याच्या सहकाऱ्यांना प्रथम आली नसेल, तर त्यात नवल नाही.

मराठी विनोदाची गंगोत्री वऱ्हाडातच आहे, ही गोष्ट येथे आवर्जून नोंदवली पाहिजे. आधुनिक मराठी विनोदाचे जनक मानले जाणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४) यांचा जन्म नागपूरचा आणि वकिली अकोला, खामगाव, जळगाव जामोद या परिसरातील. वाशीमपासून ही गावे दूर नाहीत. ‘सुदाम्याचे पोहे’ हे त्यांचे लेख म्हणजे जुन्या रूढींवर केलेले बौद्धिक हल्ले होते. श्राद्धापासून शिमग्यापर्यंत काहीही त्यांच्या तावडीतून सुटले नाही. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी बाळकराम या नावाने त्यात अतिशयोक्तीची आतषबाजी केली. दोघांचाही विनोद शब्दांवर आणि कोट्यांवर स्वार झालेला. वाचकाला हसण्यापूर्वी क्षणभर थांबून कोटी उलगडावी लागे. आज ते लेख वाचताना टीप शोधण्याची वेळ येते आणि टीप वाचल्यानंतर येणारे हसू हे हसू कमी आणि समाधान अधिक असते.

जोशींनी हा रस्ता घेतला नाही. १९३२ मध्ये ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि १९३३ मध्ये ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ ही त्यांची पुस्तके प्रसिद्ध झाली. मराठी वाचकाला प्रथमच असा विनोदी लेखक भेटला, जो विनोद करीत आहे असे वाटतच नव्हते. चिमणराव जोग हा पुण्यातील एक पापभीरू कारकून. घरात आई, पत्नी काऊ, मुले मोरू, राघू आणि मैना, शिवाय लग्नाची बहीण चिमी. चिमण, काऊ, राघू, मैना, मोर अशी ही अख्खी पाखरांची शाळा. या घरट्यात जे घडते ते चिमणराव स्वतःच सांगतात. ते अतिशय गंभीरपणे सांगतात. आपण हास्यास्पद दिसत आहोत, याचा त्यांना पत्ता नसतो. भाषा ओसरीवरच्या गप्पांची, वाक्ये सरळ, आणि घटना एकीतून दुसरी अशी निघत जाते की शेवटी सगळा डोलारा चिमणरावांच्याच डोक्यावर कोसळतो. ‘स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग’ या त्यांच्या गाजलेल्या कथेत खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या गृहस्थाची जी दैना होते, ती समजण्यासाठी १९३० च्या दशकातील पुण्याची माहिती लागत नाही. वाशीममधील कोणत्याही कार्यालयात एका सकाळी तोच प्रयोग करून पाहिला, तरी निकाल फारसा वेगळा लागणार नाही.

या लेखनाच्या शेजारी जोशींचे दुसरे काम ठेवून पाहिले म्हणजे या माणसाच्या आवाक्याची कल्पना येते. ‘पटिसंभिदामग्ग’ या पाली ग्रंथावर सहाव्या शतकात सिंहलद्वीपातील महानाम या भिक्षूने ‘सद्धम्मप्पकासिनी’ नावाची टीका लिहिली. तिच्या संहितेचे संपादन जोशींनी लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी केले. तीन खंड, हस्तलिखितांतील पाठभेद, तळटिपा, असे अत्यंत किचकट काम. पहिला खंड १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे ज्या वर्षी चिमणरावांचे चऱ्हाट वाचकांच्या हाती पडले त्याच वर्षी. दुसरा खंड १९४० चा. त्याच वर्षी चिमणराव प्रथम चित्रपटात आले. तिसरा खंड १९४७ चा. एकाच टेबलावर एका बाजूला भिक्षूंच्या ज्ञानमार्गाची चर्चा आणि दुसऱ्या बाजूला चिमीच्या लग्नाची खटपट, असा हा संसार दीड दशक चालला होता.

दोन्हींत काहीच नाते नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. जोशींनी जातककथाही मराठीत आणल्या. जातकांत लोभी ब्राह्मण आहेत, बढाईखोर प्राणी आहेत, स्वतःच्या जिभेने स्वतःचा घात करून घेणारे शहाणे आहेत. माणसाचा मूर्खपणा रागावून नव्हे, तर करुणेने पाहण्याची सवय त्या वाङ्मयाला आहे. वाशीमच्या वाचकाला हे वाङ्मय परके वाटण्याचे कारण नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्याच राजाच्या काळातील शेजारच्या सतराव्या लेण्याच्या भिंतींवर विश्वंतर आणि छद्दंत यांच्यासारख्या जातककथा रंगविलेल्या आहेत. ज्या कथांना वत्सगुल्माच्या राजवटीत भिंती मिळाल्या, त्यांतील काहींना दीड हजार वर्षांनी चिमणरावांच्या लेखकाने सोपी मराठी दिली. चिमणरावांच्या फजितीत खलनायक जवळजवळ नसतोच. त्यामागे या अभ्यासाचा वाटा किती, हे कुणी मोजून दाखवू शकणार नाही; पण तो आहे असे मानायला जागा आहे.

चिमणरावांना पडद्यावर आणले मास्टर विनायक यांनी. कोल्हापूरच्या या दिग्दर्शकाने बाबुराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह १९३६ मध्ये हंस पिक्चर्स ही संस्था काढली होती. आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेल्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आणि ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) या दोन चित्रपटांनी मराठी विनोदी बोलपटाचा पाया घातला. अत्र्यांचा विनोद प्रहार करणारा. ‘ब्रह्मचारी’मध्ये ब्रह्मचर्याच्या थोतांडावर त्यांनी हल्ला चढविला, तर ‘ब्रँडीची बाटली’मध्ये दारूचा विषय घेतला. मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी लागू केली, त्यामुळे आजाऱ्यासाठी ब्रँडी शोधत फिरणाऱ्या भाबड्या कारकुनाची कथा त्या वर्षी विलक्षण ताजी होती. आजच्या मुंबईच्या प्रेक्षकाला तिचा संदर्भ समजावून द्यावा लागतो. विदर्भात तेवढे कष्ट पडू नयेत. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे अजूनही दारूबंदीचे आहेत आणि चंद्रपूरने २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे ती अनुभवली आहे. विनोद शिळा होतो तो काळामुळेच असे नाही. कधी कधी तो फक्त जिल्हा बदलतो.

१९४० मध्ये विनायकांनी ‘लग्न पाहावे करून’ हा चित्रपट काढला. घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून ही म्हण मराठी घरात कुणाला ठाऊक नाही? बहिणीसाठी स्थळ शोधत उंबरे झिजविणारा भाऊ हा या कथेचा कणा. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांची तिरळी नजर आणि बावळट निरागसपणा, जोगांचा भरभक्कम देह, या जोडीची तुलना त्या काळी लॉरेल-हार्डींशी होत असे. प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. दोन वर्षांनी, १९४२ मध्ये, हीच जोडी ‘सरकारी पाहुणे’मध्ये पुन्हा आली. संस्थानी थाटमाटाची खिल्ली उडविण्याचा जोशींना मोठा शौक. ओसाडवाडी नावाचे एक काल्पनिक संस्थानच त्यांनी कागदावर वसविले होते. ते स्वतः संस्थानच्या नोकरीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या विनोदाची गोडी वाढते. १९४७ मध्ये मास्टर विनायक अवघ्या ४१ व्या वर्षी गेले, पुढच्या दोन वर्षांत संस्थानेही गेली, आणि चिमणराव तीन दशके पुन्हा पुस्तकाच्या पानांत परतले.

आता मूळ प्रश्नाकडे वळणे भाग आहे. हा सगळा विनोद आजच्या वाचकाला आणि प्रेक्षकाला हसवतो का?

काही भाग खचितच मागे पडला आहे. चिमणरावांचे जग हे पुणेरी ब्राह्मणी पांढरपेशा जग आहे. सोवळे-ओवळे, पंगती, पगडीचे मानपान, घरगड्यांशी बोलण्याची तऱ्हा यांची आज ओळखही नसलेला मोठा वाचकवर्ग मराठीत आला आहे आणि त्या जगाकडे हसत पाहण्याऐवजी तो प्रश्नार्थक नजरेने पाहणार, हे स्वाभाविक आहे. बायकांच्या अजाणतेपणावर बेतलेले काही प्रसंग आता खटकतात. काऊला स्वतःचे म्हणणे असते, पण ते बहुधा चिमणरावांच्या तोंडून कळते. बाहेरच्या जगाने शिकविलेल्या मुलीच्या डोळ्यांनी ही पाने चाळली, तर तिच्या कपाळावर आठी उमटल्याशिवाय राहणार नाही आणि ती आठी चुकीची ठरविण्याचा खटाटोप अभिमान्यांनी करू नये. चित्रपटांची अडचण आणखी निराळी. १९४० चे ध्वनिमुद्रण, संथ छायाचित्रण, रंगभूमीच्या वळणाचा अभिनय यांची सवय व्हायला अर्धा तास जातो. तेवढा वेळ आजचा प्रेक्षक देत नाही.

तरीही एक गोष्ट तग धरून आहे आणि ती साधी नाही. कोल्हटकर समाजाला हसतात, अत्रे विरोधकाला हसतात. चिमणराव स्वतःलाच हसायला लावतात. दुबळ्यावर केलेला विनोद सर्वांत आधी नासतो. गेल्या पाच-सहा दशकांतील अनेक लोकप्रिय मराठी-हिंदी विनोदी चित्रपटांतील बोबडे, जाडे, काळे, खेडवळ यांच्यावरचे प्रसंग आज दूरचित्रवाणीवर लागले की घरातील माणसे नजर चुकवतात. वऱ्हाडी बोलीच्या वाट्यालाही पडद्यावर बहुतेक वेळा हेच आले. नाटक-चित्रपटांतील वऱ्हाडी माणूस बोलू लागला की प्रेक्षकांनी हसायचे, असा अलिखित करारच झाल्यासारखा होता. जोशींच्या विनोदात फजिती होते ती बोलणाऱ्याचीच, आणि तो बोलणारा शहरी, शिकलेला, उच्चवर्णीय, नोकरदार असतो. चिमीच्या लग्नाच्या प्रकरणातही हास्यास्पद ठरते ती मुलगी नव्हे. हास्यास्पद ठरतात ते हुंड्याचे हिशेब करणारे वरपक्षाचे लोक आणि त्यांच्यापुढे वाकता वाकता मोडून पडणारा मुलीचा भाऊ. लग्नाच्या बाजारातील दर अजून जाहीरपणे बोलले जातात, तोवर ही कथा जुनी होण्याची चिन्हे नाहीत. हे वाशीममध्ये कुणाला वेगळे सांगायला नको.

दूरदर्शनच्या मालिकेने हाच गाभा नेमका ओळखला. याकूब सईद आणि विजया जोगळेकर यांनी त्या काळच्या तुटपुंज्या साधनांत, कृष्णधवल चित्रणात, जुन्या पुण्याचे एक घर उभे केले. प्रभावळकरांनी चिमणरावांना विदूषक केले नाही. त्यांनी त्यांची प्रतिष्ठा सांभाळली आणि म्हणूनच ती ढासळताना पाहून हसू येत असे. १९७९ मध्ये ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही आला. पुढे प्रभावळकरांनी स्वतःच्या ‘अनुदिनी’ या लेखनावरून साकारलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ पासून गाजली. आजोबा, मुलगा, सून, नातवंडे, आणि दररोजचे लहानसे संकट. शहर, वेश, पिढी सारे बदललेले. पण घरातल्या घरात स्वतःवर हसण्याची ती रीत चिमणरावांच्या घरातूनच आलेली आहे. ज्या वऱ्हाडाने चिमणरावांची मालिका पाहिली नव्हती, त्याने उपग्रह वाहिनीवर टिपरे कुटुंब मात्र मुंबईच्या बरोबरीने पाहिले.

खेदाची बाब अशी की ज्या मालिकेने हा वारसा पुढे नेला, तीच आज पुरती हाती लागत नाही. चित्रफिती महाग असल्याने एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित करण्याची पद्धत दूरदर्शनमध्ये त्या काळी होती. मालिकेचे सगळे भाग सलग पाहून तिचा विनोद टिकला की नाही, याचा निवाडा करणे आजच्या प्रेक्षकाला शक्यच नाही. ज्यांनी पाहिली त्यांच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा, आणि आठवण ही नेहमीच थोडी अधिक हसरी असते. जुन्या मराठी बोलपटांची अवस्थाही फारशी निराळी नाही. ढीगभर नकलांच्या जमान्यात मूळ प्रत सांभाळण्याचे भान आपल्याला फार उशिरा आले. मागे उरले ते पुस्तक. ते जाळता किंवा पुसता येत नाही असे नाही, पण त्याच्या प्रती गावोगावच्या वाचनालयांत विखुरलेल्या असतात आणि हीच त्याची सुरक्षितता.

चिं. वि. जोशी यांचे २१ नोव्हेंबर १९६३ रोजी निधन झाले. पंडित म्हणून त्यांनी संपादिलेले पाली खंड जगभरच्या बौद्धविद्येच्या अभ्यासकांच्या हाताशी आजही आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना चिमणरावांचे नावही ठाऊक नसते. उलट चिमणरावांवर लोभ करणाऱ्या मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना सद्धम्मप्पकासिनी ऐकून ठाऊक असेल. दोन्ही कीर्ती एकमेकींना न भेटता नांदत आहेत. गुंड्याभाऊंची भूमिका करणारे बाळ कर्वे २८ ऑगस्ट २०२५ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले. अनेक नाटके, चित्रपट आणि मालिका त्यांच्या नावावर होत्या. पण दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांच्या मथळ्यांत त्यांची ओळख एकाच नावाने दिली गेली, आणि ते नाव बडोद्याच्या एका पालीच्या प्राध्यापकाने ठेवलेले होते.